शेगडीच्या डावीकडची टाईल

मित्रांनो, मी एक जुनी टाईल आहे. वयानं म्हणाल तर फार जुनी नाही, पण माझ्यासारखी दुसरी टाईल आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, म्हणून मला जुनी म्हणायचं. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात एका घराच्या स्वयंपाकघरात मी राहते. ती भिंत तुम्ही पाहिलीत तर हसाल. सगळी भिंत करडी, चकचकीत, मोठमोठ्या टायलींची. आणि गॅसच्या शेगडीच्या डाव्या बाजूला मी एकटीच वेगळी. पाहुणे आले की पहिला प्रश्न माझ्याबद्दलच असतो. "ही एकूच अशी कित्याक गो?" घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि चहाचे कोप पुढे करतात. ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

माझा जन्म दूर गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. माती दळली, चाळली, साच्यात दाबली आणि भट्टीत घातली. भट्टीबद्दल मी फार बोलणार नाही. जिला जन्मभर शेगडीशेजारी राहायचं आहे तिनं आगीच्या तक्रारी करू नयेत. साच्यानं माझ्या अंगावर एक वेल उठवली. तिची पानं इतकी वर आलेली, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी देठ कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं ते कळावं. पानांना रंगही दिला. रंग कोणता ते इतक्यात सांगत नाही, त्याला कारण आहे.

माझ्या बहिणी खोक्यांत भरून गावोगाव गेल्या. माझ्या पाठीवर मात्र एक चिठ्ठी चिकटली, 'नमुना'. म्हणजे दाखवायची, विकायची नाही. मला म्हापशाला गुरुदासच्या दुकानात आणलं आणि एका फळीवर उभं केलं. बहिणी कुणाकुणाच्या भिंतींवर बसल्या आणि मी लोकांना पसंत पडायची वाट बघत राहिले.

दुकानातलं आयुष्य वाईट नव्हतं, अपमानाचं होतं एवढंच. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं हातात मिरच्यांची नाहीतर सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊनच आत शिरायची. "जरा बघूया मगो," म्हणायची आणि तासभर बघायची. गुरुदास माझी स्तुती करी. "ही बघा, काय नक्षी! अशी तुमका खंय मेळची ना." बायका जवळ यायच्या, मान तिरकी करायच्या, मोबाइलवर फोटो काढायच्या आणि शेवटी ठरलेलं वाक्य बोलायच्या. "बरी आसा, पूण पानांनी तेल बसतलें. पुसत कोण बसतलो?" मग त्या पुढच्या चकचकीत टायलीकडे वळायच्या. तिच्यावर नक्षी नाही, काही नाही, नुसत्या संगमरवरासारख्या रेघा. तिला मात्र सगळ्यांची पसंती. मला तिचा राग यायचा हे मी लपवत नाही.

इतकी वर्षं माणसांना टायली निवडताना पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सगळे डोळ्यांनी निवडतात. चार पावलं मागं जातात, बघतात, परत पुढं येतात. म्हणूनच सुमंगलाबाई दुकानात आल्या तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्या मागं गेल्याच नाहीत.

चवथ जवळ आली होती. आमच्याकडे गणपती घरात यायच्या आधी रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं उरकावंच लागतं. मिस्त्री, रंगारी सगळे त्या दिवसांत राजे असतात. सुमंगलाबाई आपला मुलगा सुदेश आणि सून गौरवी यांच्याबरोबर आल्या. घरातलं जुनं स्वयंपाकघर फोडून नवं करायला काढलं होतं. ओटा झाला होता, गॅसची नवी शेगडी आली होती, फक्त भिंत उरली होती. गौरवी गुरुदासला उत्साहानं सांगत होती, "आईंनी सगळो जन्म काजळेंत काडलो. आतां तरी तांकां बरी लख्ख भिंत जाय." ती मनापासून बोलत होती. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.

दुकानाच्या पायरीला सुमंगलाबाईंचा अंगठा लागला. "पायरी उंच केल्या वाटता," त्या म्हणाल्या. पायरी होती तेवढीच होती. आत आल्यावर त्या सरळ फळीकडे आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. त्यांची बोटं ओळीनं फिरत आली. गुळगुळीत, गुळगुळीत, पुन्हा गुळगुळीत. मग ती माझ्यावर आली आणि थांबली. देठावरून पानावर, पानावरून कडेवर. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे नव्हतेच. माझ्या डोक्यावरून, पंख्याच्या बाजूला कुठेतरी ते बघत होते.

तेव्हाच मला कळलं. ह्या बाईंना मी दिसत नव्हते.

"ही घेवया," त्या म्हणाल्या.

गौरवीनं मला बघून नाक मुरडलं, पण हसून. "आई, हिच्यांत तेल रवतलें. आनी ही जुन्या पद्धतीची दिसता. ती रेघांची बघा, कितली बरी."

"माका ही बरी लागता. हाताक."

"हाताक?" सुदेश मोठ्यानं हसला. "आई गो, भिंतीक हात लावन कोण रांदता?"

गुरुदासही हसला. सुमंगलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात मागं घेतला आणि पदराला पुसला. खरं कारण तोंडाशी आलं होतं, मला दिसलं ते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुमका आवडता ती घेया. भिंत तुमकाच बघूची आसा."

गुरुदास धंद्यात मुरलेला माणूस. म्हणाला, "दोनूय नमुने घरा व्हरात. घरच्या उजवाडांत बघात आनी मागीर सांगात." अशी मी आणि ती रेघांची चकचकीत एकाच पिशवीतून नार्व्याला आलो. वाटभर ती माझ्या अंगावर घासत होती. घरी आल्यावर दोघींना भिंतीला टेकवलं, सुदेशनं पंचांसारखं दूर उभं राहून निकाल दिला आणि चकचकीत पसंत झाली. दुसऱ्या दिवशी तो तिला परत घेऊन गेला आणि तिच्या बहिणींची खोकी घेऊन आला. मला परत न्यायचं मात्र तो विसरला. मी पिशवीतच तांदळाच्या पिंपामागं पडून राहिले.

सगुण मिस्त्रीनं भिंत घाईघाईनं पण झकास लावली. सगळे खूश झाले. गॅसवर पहिलं दूध उतू घालायचं होतं. नव्या चुलीवर दूध उतू गेलं की घरात भरभराट राहते असं मानतात, आणि तो मान घरातल्या मोठ्या बाईचा. सुमंगलाबाई टोपापाशी उभ्या राहिल्या. दूध वर आलं, कडेवर आलं, बाहेर पडलं. त्यांनी गॅस बंद केला नाही. दूध ओट्यावर पसरलं, खाली सांडलं, नव्या फरशीवर गेलं, तेव्हा कुठे चर्र आवाज आणि करपलेला वास आल्यावर त्यांचा हात बटण शोधू लागला. शोधत होता तो चुकीच्या बाजूला. गौरवीनंच हसत पुढं होऊन गॅस बंद केला. "कितलें उतू गेलें बघ! घराक काय उणें पडचें ना आतां." सगळ्यांनी हात जोडले. मी पिशवीत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. अरे, तो शकुन नव्हता! तिला दूध दिसलंच नाही रे!

पण टाईल बोलत नाही. नाहीतर ही गोष्ट तिथेच संपली असती.

आता तुम्ही विचाराल, ह्या बाई सांगत का नव्हत्या? दुपारी घरात कुणी नसायचं. सुदेश सोसायटीच्या कचेरीत, गौरवी कारखान्याच्या ऑफिसात, नात सिद्धी शाळेत. तेव्हा सुमंगलाबाई रांधताना स्वतःशीच बोलत. त्यातून मला सगळं समजलं. त्यांच्या आईचेही डोळे असेच गेले होते. एकदा ते कळल्यावर घरच्यांनी तिला सोप्यावर नेऊन बसवलं, प्रेमानंच. तिच्या हातातली विळी काढून घेतली, मग सूप, मग वाती वळायचा कापूससुद्धा. "आवय, तूं बस गो," एवढंच सगळे म्हणत राहिले. ती बसली आणि बसूनच संपली. "माका तशी बसूची ना," सुमंगलाबाई भिंतीला सांगत. "रांदूक मेळना जाल्यार मी कोण?" ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्यांची भीती मोठी होती.

जुन्या स्वयंपाकघरात त्यांचं निभावत होतं. तिथं भिंतीवर खिळे होते, खरबरीत सिमेंट होतं, एक फुटका कोपरा होता. हाताला सगळं ओळखीचं. नव्या भिंतीनं त्यांचा हात पुसून टाकला. बोट ठेवलं की घसरून पुढं जायचं, थांबायला काही नाही. त्यात समोरच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, उजेड त्या चकाकीवर पडून परत येई आणि उरलीसुरली नजरही दिपून जाई. रेघांच्या टायलीवर माझा राग होता, पण आता मला तिची भीती वाटू लागली.

एके दिवशी तांदूळ काढताना त्यांचा हात पिंपामागं गेला आणि पिशवीला लागला. त्यांनी मला बाहेर काढलं. बोटं वेलीवरून फिरली आणि त्यांनी मला ओळखलं. मित्रांनो, मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं. लोकांनी मला पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं. त्यांनी मला पदरानं स्वच्छ पुसलं, शेगडीच्या डाव्या अंगाला भिंतीशी टेकवलं आणि पुढं मिठाची बरणी ठेवून घट्ट केलं. "हांगा राव गो बाय," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. डावा हात आधी माझ्यावर यायचा. माझी कड लागली की त्यांना कळायचं, इथून वीतभर उजवीकडे आग आहे. मग उजवा हात अचूक जायचा, बटणावर, तव्यावर, आमटीच्या पळीवर, म्हणजे आमच्या कुलेरीवर. भाकरी करपेना. आमटी उतू जाईना. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत चहा तयार. गौरवी म्हणायची, "आई, नव्या ओट्याची संवय जाली मगो तुमका!" आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, "हें कित्याक ठेवलां?"

"ताट टेकवूक बरें पडता," सुमंगलाबाई सांगायच्या.

माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. पण ते सुख मला टोचायचं. मी त्यांना मदत करत होते आणि त्यांचं गुपितही राखत होते. मी नसते तर कदाचित लवकर कुणाच्या लक्षात आलं असतं. डोळे रोज थोडे थोडे जात होते. संध्याकाळी सप्तकोटेश्वराच्या देवळात आरतीला जाणं त्यांनी बंद केलं, गुडघ्याचं निमित्त सांगून. खरं म्हणजे समईभोवती त्यांना नुसती रंगीत कडी दिसायची. तांदूळ निवडायचं काम सिद्धीला दिलं, "चेडवाक संवय जांव दी" म्हणून. एकेक काम त्या गुपचूप सोडत होत्या, फक्त शेगडी धरून होत्या.

चवथ दारात आली. मुंबईहून दीर, नणंदा येणार होत्या. गौरवीनं रजा काढली आणि घर आरशासारखं करायला घेतलं. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी नारळ, सुपाऱ्या, रानफळं ओसरीवर येऊन पडली. ओटा पुसता पुसता ती माझ्यापाशी आली. माझ्या पानांत खरोखरच तेल बसलं होतं, पाठीवरची 'नमुना' चिठ्ठी अर्धी सुटली होती. नवी भिंत बघायला माणसं येणार आणि मी अशी मधेच. तिनं मला उचललं आणि मागच्या दारी, जनेलाखाली, नारळाच्या करवंट्यांवर ठेवून दिलं. सुमंगलाबाई तेव्हा न्हाणीत होत्या. त्यात गौरवीचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पुढं जे झालं ते मी पाहिलं नाही. जनेलाखालून ऐकलं आणि मागून कळलं तेवढं सांगते.

त्याच दिवशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या होत्या. कढईत तेल तापत होतं. सिद्धी भरलेल्या नेवऱ्या ताटात रचून आजीजवळ आणून देत होती आणि मधेच सारणाची चिमूट तोंडात टाकत होती. "तेल तापलें काय बघतां हां," सुमंगलाबाई म्हणाल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज भिंतीकडे आला. हात मला शोधत होता. मी नव्हते. हात त्या गुळगुळीत भिंतीवरून सरकला, आणखी सरकला. मी बाहेर करवंट्यांवर पडून मनात म्हणत होते, थांब, बाई, थांब, पुढं आग आहे. हात थांबायला तिथं काहीच नव्हतं.

कढई ओट्यावर घासल्याचा आवाज आला. मग तेलाचा. मग सिद्धीची किंकाळी.

गौरवी धावत आली. कढई ओट्याच्या काठावर अडकली होती म्हणून वाचलं. सुमंगलाबाईंचा तळहात कढईच्या कडेला चिकटून भाजला होता. सांडलेलं तेल फरशीवर पसरलं होतं आणि सिद्धीच्या पावलावर त्याचे थेंब उडाले होते. पोर थोडी जरी पुढं असती तर काय झालं असतं ते बोलायलाच नको. गौरवीनं पाण्याची बालदी ओढली, आधी सिद्धीचा पाय, मग सासूचा हात त्यात धरला आणि घाबरलेली माणसं बोलतात तसं जोरात बोलली, "आई, बघून तरी हात घालूचो! समोर कढई दिसना काय तुमका?"



"ना," सुमंगलाबाई म्हणाल्या. "दिसना गो. कितलेशेच दिस जाले, माका दिसना."

"म्हणजे?"

"म्हणजे तूं खंय उबी आसा तें आवाजान कळता. तोंड दिसना." मग त्या सिद्धीच्या दिशेनं म्हणाल्या, "बाय, माझ्या हातान तुका भाजलें गो. सगळें सोंसलें असतें, पूण हें नको जालेलें." आणि त्या रडल्या. इतके दिवस डोळ्यांसाठी नाही रडल्या, त्या पोरीच्या पावलासाठी रडल्या.

"कित्याक सांगूक ना, आई?"

"सांगलें जाल्यार सोप्यार बसयतले तुमी माका."

 मग मागचं दार उघडलं. गौरवी बाहेर आली, करवंट्यांपाशी वाकली आणि तिनं मला उचललं. तिच्या मनात सगळं जुळलं होतं. म्हापशाचं दुकान, 'हाताक बरी लागता', उतू गेलेलं दूध, मिठाची बरणी. मला छातीशी धरून ती न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तेलाचे डाग तिच्या साडीला लागत होते, पण तिला त्याचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणपती आले. हाताला फडकं बांधून सुमंगलाबाई पहाटेच सोप्यावर जाऊन बसल्या होत्या, आपण होऊन. कुणी बसवायच्या आधी बसावं असं त्यांनी ठरवलं असावं. गौरवी त्यांच्यापाशी गेली. "आई, उठा. निवेद्य कोण करतलो?"

"तूं कर आतां. तुका सगळें येता."

"माका भाज्यांचें खतखतें येना. हात माझे, सांगणें तुमचें." तिनं त्यांना आत आणलं, शेगडीजवळ स्टुलावर बसवलं आणि मला उचलून पुन्हा मिठाच्या बरणीमागं ठेवलं. पाहुणे बघत होते तरी. सुमंगलाबाई तिरफळांचा वास घेऊन म्हणाल्या, "तेफळां उणी जालीं. आनीक घाल." आवाज बारीक होता, पण तो शेगडीजवळून येत होता.

चवथ झाल्यावर सुदेशनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. काचबिंदू. जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही. जेवढी उरली आहे ती रोज वेळेवर थेंब घातले तर राखता येईल. थोडं आधी आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि हा आजार घराण्यातून येतो, म्हणून सुदेशनंही दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे आहेत. तो जेवला नाही. भिंतीसमोर उभा राहिला आणि आईला म्हणाला, "सगळी काडून उडयतां ही. तुका जाय आसलेली तीच लायतां."

तो म्हापशाला गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. गुरुदासनं दहा ठिकाणी फोन केले होते. ती टाईल आता निघत नाही. कुणी घेत नव्हतं, कारखान्यानं साचाच मोडला. म्हणजे माझ्या जातीत नव्यानं जन्मणारी कुणी उरली नाही. ज्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी मनापासून मागितलं, त्याच दिवशी हे कळलं. 

सगुण मिस्त्रीला परत बोलावलं. तो चक्रावला. "इतकी बरी भिंत फोडतां कित्याक? एकच टाईल वेगळी दिसतली मगो."

"दिसां दी," सुदेश म्हणाला. "आमच्या घरांत भिंतीक हात लावन रांदतात."

कुठे बसवायची ते पट्टी लावून ठरलं नाही. सुमंगलाबाईंना ओट्यापाशी उभं केलं. त्यांनी हात सहज पुढं केला, जसा रोज करायच्या तसा. जिथं तो भिंतीला लागला तिथं गौरवीनं हळदीचं बोट लावलं. त्या ठिकाणची करडी टाईल सगुणनं काढली, माझ्या पाठीवरची चिठ्ठी खरवडली आणि मला तिथं बसवलं. नमुना म्हणून आलेली मी शेवटी भिंतीची झाले. एकटी, पण झाले.

आता घरात नवी रीत आहे. सुमंगलाबाई रांधतात, पण तळणं गौरवीचं. ह्यावरून दोघींचं अजून वाजतं. थेंबांची वेळ सिद्धी सांभाळते आणि चुकली की स्वतःलाच दटावते. तिच्या पावलावर दोन फिकट डाग राहिले आहेत. सुमंगलाबाई ते कधी कधी बोटांनी शोधतात. नजर थोडी थोडी कमीच होते आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण आता ते कुणी एकटं सोसत नाही.

मित्रांनो, टायलीनं काय मागावं? माझ्या पानांत तेल बसतं, ते अधूनमधून पुसा, एवढं मागून मी गप्प बसायला हवं. पण मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्या घरात कुणी भिंतीला हात लावून चालत असेल, कुणाचं दूध वरचेवर उतू जात असेल, कुणी अचानक आरतीला जायचं सोडलं असेल, तर हसू नका आणि शकुनही मानू नका. जवळ बसून विचारा, दिसतं ना तुला? आणि उत्तर 'नाही' आलं, तर डॉक्टरांकडे न्या, पण त्यांच्या हातातली कुलेर काढून घेऊ नका. ती काढून घेतली जाईल ह्या भीतीनंच माणसं गप्प राहतात आणि गप्प राहण्यातच डोळे जातात.

परवाची गोष्ट. दुपारी सुमंगलाबाईंचा हात माझ्यावर होता. एकाएकी त्यांनी विचारलं, "सिद्धी, हिचो रंग कसलो गो?"

सिद्धी चकित झाली. "आजी, तुका म्हायत ना?"

"कसो म्हायत आसतलो? मी ती केन्नाच बघली ना. माका आपली ती अबोलीच्या रंगाची वाटता."

सिद्धी माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणावं, आजीला बरं वाटेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं असेल. मग ती जवळ आली आणि आजीच्या बोटावर आपलं बोट ठेवून तिनं ते माझ्या पानावरून फिरवलं.

"अबोली न्हय, आजी. हिरवी. कैरीसारकी हिरवी."

सुमंगलाबाईंनी ते पान पुन्हा एकदा स्वतः चाचपलं.

"बरें केलें, खरें सांगलें तें," त्या म्हणाल्या. "हिरवी." आणि माझ्यापासून वीतभर उजवीकडे जाऊन त्यांनी गॅस पेटवला.